टर्बो निवेपर्यंत

आई, गाडीचा दम गेला होता. तुझ्या गाडीचा. ते तुला कळवायचं म्हणून बसले आहे, आणि दुसरंही एक सांगायचं आहे, ते शेवटी येईल. तू असतीस तर म्हणाली असतीस, शेवटचं आधी सांग, प्रस्तावना नंतर वाचू. पण तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की घाई दोघींपैकी कोणालाच नाही. लॅबला सुट्टी आहे, दुपार आहे, बाबा आतल्या खोलीत आडवे झाले आहेत. मला फार भरून वगैरे आलेलं नाही. तसं काही असेल तर ते लिहिता लिहिता कळेल.

आधी इथली परिस्थिती सांगते. आपण अजून वारज्यातच आहोत, त्याच फ्लॅटमध्ये. समोरचं मैदान गेलं, तिथे इमारत झाली, आणि आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त आपलं पार्किंग दिसतं. मी कामाला सदाशिव पेठेत स्कूटरवर जाते, कारण तिथे गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा भाड्याने खोली शोधणं सोपं आहे. त्यामुळे तुझी गाडी उभीच असते. महिन्यातून एखाद-दोनदा बाबांना डॉक्टरांकडे न्यायला काढते, तेवढंच. आणि बाबा. तू गेल्यावर त्यांनी हळूहळू एकेक गोष्ट सोडली. आधी गणिताच्या शिकवण्या सोडल्या, मग ज्येष्ठ नागरिक संघ सोडला, मग भाजी आणायला जाणं. कोणी विचारलं तर गुडघ्याचं नाव पुढे करतात. दिवसातून एकदाच खाली जातात, सकाळी, मी कामाला गेल्यावर, गाडी पुसायला. तेवढ्यासाठी दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात. शाळेत जायचे तेव्हा जसे तयार व्हायचे तसे. गाडी पुसण्याच्या निमित्ताने का होईना, माणूस उन्हात उभा राहतो, वॉचमनशी चार शब्द बोलतो, म्हणून मी त्या गाडीकडे औषध म्हणूनच बघत आले. आता तिला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. म्हणजे आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, पास झाली तर पुढची काही वर्षं आपली, नाही तर भंगार. गाडी भंगारात गेली तर बाबा सकाळी कशासाठी खाली उतरतील?

आणि नेमका त्याच सुमाराला तिचा दम गेला. बाबांना डोळे तपासायला बावधनला नेत होते. चांदणी चौकाचा चढ तुला माहीत आहे. तिथे मी पाय पूर्ण दाबला आणि काही झालं नाही. आवाज वाढला, वेग वाढेना. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आणली तरी तेच. मागे काळ्या धुराचा पडदा. विटांनी भरलेला टेम्पो शेजारून पुढे गेला, आणि त्याच्या मागून स्कूटरवर एक गृहस्थ आले, काचेजवळ वेग कमी करून मला म्हणाले, "काकू, इथे पार्किंग नाहीये." बाबा डावीकडे बसून समोर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी आई इथून तिसऱ्यावर जायची." मी म्हटलं, मला माहीत आहे.

हायवेवरच्या मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तिथे बसायला सोफा आहे, कॉफीचं यंत्र आहे. टाय लावलेल्या एका मुलाने स्टीअरिंगखाली एक वायर खुपसली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, टर्बो गेलाय." मी विचारलं, कशावरून. "मशीन सांगतंय ना. बूस्ट कमी आहे." मी म्हटलं, "मशीन एवढंच सांगतंय की इंजिनात हवा कमी पोचत्येय. का कमी पोचत्येय ते कुठे सांगतंय?" त्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. नवीन टर्बो टाकणं या वयात परवडत नाही म्हणाला, गाडीचं वय की माझं ते त्याने स्पष्ट केलं नाही, आणि भंगारवाल्याचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. आई, मी दिवसभर लोकांच्या रक्ताच्या रिपोर्टवर सह्या करते. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणजे रक्त कमी आहे एवढंच कळतं, ते कुठे जातंय ते शोधायचं बाकीच असतं. एका आकड्यावर कोणी माणसाला भंगारात काढत नाही. मी कार्ड परत केलं आणि गाडी रखडत रखडत घरी आणली.

टर्बो म्हणजे काय हे मला तूच सांगितलं होतंस, गाडी आणली त्याच दिवशी. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, आणि तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणून जास्त ताकद. तो दिवस मला नीट आठवतो. शोरूममधून गाडी घेऊन तू पार्किंगमध्ये आलीस. खालच्या मजल्यावरच्या काकू ताट घेऊन बाहेर आल्या होत्या, त्यांच्या परीने प्रेमानेच. "अहो, नारळ नाही फोडणार? निदान चाकाखाली लिंबं तरी?" तू दार उघडं ठेवून गाडीचं मॅन्युअल वाचत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आमच्याकडे आधी पुस्तक वाचतात." काकूंना ते काय म्हणायचंय ते कळलं की नाही कोण जाणे, पण मला कळलं आणि मला तुझा फार अभिमान वाटला, आणि काकूंसाठी थोडं वाईटही वाटलं. मग तू त्यांना आत बसवून एक चक्कर मारून आणलीस. परत आल्यावर त्या उतरल्या, मी उतरायला लागले, तर तू किल्लीला हात न लावता बसून राहिलीस. "काहून घाई करून राहिली? बस. टर्बो निवू दे." पुस्तकात लिहिलं होतं, धावून आल्यावर इंजिन एकदम बंद करायचं नाही. तो पंखा तापलेला असतो, भन्नाट वेगाने फिरत असतो, त्याला तेल मिळत राहिलं पाहिजे. मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, मग बंद. त्या दिवसापासून तू गाडी कधीही त्याशिवाय बंद केली नाहीस. पुण्यात इतकी वर्षं राहूनही तुझं नागपूरचं बोलणं गेलं नाही, तसंच हे.

मी गाडी शिकत होते तेव्हा एकदा तुझ्या बाजूला हात घालून किल्ली फिरवून मोकळी झाले होते. स्वारगेटपासून तुंबलेल्या रस्त्याने आलो होतो, मला बाथरूमला जायचं होतं. तू मला चारचौघांत ओरडायची नाहीस, पण त्या दिवशी ओरडलीस. "पळत आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावते का कोणी?" तेव्हा मला तू वेडी वाटली होतीस. नंतर माझ्या वाढदिवसाला तू मला चाकांतली हवा मोजायचं मीटर दिलंस, कुंकवाच्या डबीएवढं, पितळी तोंडाचं. मैत्रिणींना त्यांच्या आया साड्या देत होत्या. ते मीटर अजून माझ्या पर्समध्ये आहे आणि अजून बरोबर दाखवतं.

ती दोन मिनिटं आपली होती. तू पाटबंधारे खात्याच्या ऑफिसातून निघून मला लॅबवरून घ्यायचीस, रस्त्यात वाहतुकीवर बोलायचो, लोकांच्या चालवण्यावर तू शेरे मारायचीस, आणि खरं बोलणं पार्किंगमध्ये पोचल्यावर व्हायचं. का ते माहीत नाही. वर बाबा होते म्हणून असेल. इंजिन घुमत असतं, करण्यासारखं काही नसतं, आणि उतरताही येत नाही. मी सासरी परत जाणार नाही हे मी तुला त्या दोन मिनिटांत सांगितलं. एप्रिल संपत आला होता, मागच्या सीटवर आंब्यांची पेटी होती, गाडीभर वास. तू काही विचारलं नाहीस. नवऱ्याने काय केलं, सासूने काय म्हटलं, काही नाही. किल्ली फिरवलीस आणि म्हणालीस, "बाबांना मी सांगते. तू फक्त आंबे घेऊन वर ये." मी पेटी घेऊन वर आले तेव्हा तुझं त्यांना सांगून झालं होतं. बाबांनी माझ्या हातातून पेटी घेतली आणि कधी नव्हे ते स्वतः आमरस करायला बसले. सालं सगळीकडे उडवली होती. मला त्या दिवशी तुम्ही दोघं फार आवडलात.

त्या दोन मिनिटांत असंच मोठं बोलणं अजून एकदा झालं, ते पुढे सांगते.

तर मी घरी आणलेल्या गाडीपुढे उभी होते आणि मला कालवा आठवला. मी शाळेत असताना तू मला एकदा साइटवर नेलं होतंस. कालव्याच्या शेवटच्या गावात पाणी पोचत नव्हतं, तिथले लोक ऑफिसात येऊन बसले होते, आणि तुझा साहेब म्हणत होता, धरणातच पाणी कमी आहे. तू जीप कालव्याच्या गेटपाशी नेलीस, ऑफिसची साडी खोचलीस, कॅनव्हासचे बूट घातलेस आणि काठाने चालायला लागलीस. मी मागे. "पाणी पोचत नसलं तं धरणाला शिव्या देऊन काय होते? पाण्यासंगं चालत जा लागते." कुठे फूट नव्हती. मग तू एका ठिकाणी सरळ आत उतरलीस, आणि मांडीपर्यंत गाळात गेलीस. "फुटलेला कालवा लांबून दिसते," तू खालून म्हणालीस, "गाळ भरलेला नाही दिसत. आत उतरा लागते." परतताना तुझी साडी अंगावरच वाळली, जीपमधला तो गाळाचा वास अजून आठवतो.

मी ठरवलं, हवेबरोबर चालत जायचं. माळवाडीत एक गॅरेजवाला आहे, पन्नाशीचा, पत्र्याखाली बसतो. मी गाडी लावली आणि बोलायला लागले तर म्हणाला, "गाडी मला दिसत्येय. होतंय काय ते सांगा." सांगितलं. म्हटलं, हवा जिथून आत येते तिथून सुरुवात करू आणि इंजिनापर्यंत जाऊ. "तुम्ही मेकॅनिक आहात का?" नाही म्हटलं, आई इरिगेशनमध्ये होती. "बरं. मग इथे पाणी मोजायला आलात होय," म्हणाला आणि बॉनेट उघडलं. त्याची खात्री होती की एखादा पाइप फाटलाय, जुन्या गाड्यांत तेच असतं, उंदीर तर असतातच. एअर फिल्टर काढला, स्वच्छ. मग एकेका रबरी पाइपावर साबणाचं पाणी टाकलं, आत हवा भरली, आणि आम्ही दोघं बुडबुडे शोधत वाकून उभे. एक बुडबुडा नाही. त्याला ते आवडलं नाही. पुन्हा एकदा सगळं केलं. मग टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून त्याने आतल्या पंख्याला बोट लावलं, हलवून बघितलं, आणि मला म्हणाला, "लावा हात." मी लावला. थंड, छोटा, आणि जागचा ढिम्म हलत नव्हता, फिरवला तर मात्र अलगद फिरत होता. "हा गेलाय म्हणाले का ते? हा अजून दहा वर्षं जात नाही. कोणी चालवायचं ही?" आई, म्हटलं. "बंद करायच्या आधी थांबायच्या?" हो म्हटलं. त्याने मान हलवली. मला त्याला चहा पाजावासा वाटला.

म्हणजे धरणात पाणी होतं आणि कालवाही फुटलेला नव्हता. मी म्हटलं, मग गाळ बघू. इंजिनाचा थोडा धूर परत आत घेणारी एक झडप असते, ती त्याने खोलली. आत काजळी होती. काजळी म्हणजे स्टोव्हवरच्या जुन्या पातेल्याच्या बुडाला असते तशी, बोटभर थर, वाट जवळजवळ बंद. टर्बोच्या भोवती धुराचा झोत वळवणारी बारीक पाती असतात, तीही काजळीने अडकून बसली होती. त्याने फडक्याला हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "एवढी काजळी पळणाऱ्या गाडीत होत नाही. गाडी जागेवर चालू ठेवून कोण बसतं?" कोणी नाही म्हटलं. "रोज बसतंय कोणीतरी. पंखा एकाने जपला, बाकीची गाडी दुसऱ्याने मारली." मी परत म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, ठीक आहे, मग भूत असेल, दोन दिवसांनी या.

भुताचा पत्ता वॉचमनने दिला. मी नुसतं विचारलं, सकाळी साहेब गाडी पुसतात ना? "पुसत्यात की. आन् मग चालू करून बसत्यात. अर्धा अर्धा तास. पेपर न्हाय, फोन न्हाय, नुस्तं बसत्यात. मला वाटलं तुमास्नी ठावं हाय."

गाडी साफ होऊन आली. त्यानंतरच्या सकाळी मी कामाला निघाले असं दाखवलं, स्कूटर कोपऱ्यावर लावली आणि जिन्याने परत वर आले. बाबा तोवर खाली गेले होते. स्वयंपाकघरातला दिवा न लावता मी खिडकीशी उभी राहिले. त्यांनी गाडी पुसली, मन लावून, आरसे, नंबरप्लेट, सगळं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून बाहेरूनच वाकून किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. ते पूर्ण वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि आपल्या नेहमीच्या जागेवर बसले. तुझी सीट रिकामी. एवढ्या उंचीवरून मला फक्त त्यांचं कोपर दिसत होतं, खिडकीवर टेकलेलं. त्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांनी एकदाच प्रयत्न केला होता आणि मैदानातल्या एकुलत्या एका कडुनिंबावर घातली होती. गाडीबद्दल त्यांना एकच गोष्ट माहीत होती, की ती चालू ठेवून थांबायचं असतं. तेवढी एक गोष्ट ते तुझ्यामागे रोज, न चुकता करत होते. आणि त्यानेच ती मरत होती. मला तिथे उभं राहून खूप रडू आलं, हे लिहायला हरकत नाही. मग मी तोंड धुतलं आणि खरंच कामाला गेले.

सांगावं तर लागणारच होतं. संध्याकाळी ते टेबलाशी मटार सोलत होते. मी समोर बसून सोलायला लागले आणि जमेल तितक्या सहज म्हटलं, गाडी रोज चालू नका करत जाऊ, मेकॅनिक म्हणाला.

"तुझी आई करायची."

"ती पळवून आणल्यावर, बाबा. न पळवता नाही."

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "काय निघालं म्हणालीस त्यातून?"

"काजळी."

"ती नुसतं चालू ठेवल्याने होते?"

मी म्हटलं, जुनी गाडी आहे, डिझेलही हल्ली चांगलं मिळत नाही, मी चालवतही नाही फारशी, माझंच चुकलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग वर्गात म्हणायचे त्या आवाजात म्हणाले, "उत्तर आलेलं आहे. आता पायऱ्या बदलू नकोस." आणि मटाराचं भांडं माझ्याकडे सरकवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दाढी नाही, शर्ट नाही, बनियनवर गॅलरीत बसलेले. वॉचमनने मला विचारलं, साहेब आजारी हायत का. मला ज्याची भीती होती तेच झालं होतं, आणि ते माझ्याच तोंडून झालं होतं, गाडी मात्र ठणठणीत उभी. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मेकॅनिकने अजून एक सांगितलंय. उरलेली काजळी जाळायची तर दर रविवारी घाटात न्यायची, पाय दाबून पळवायची. हे त्याने खरंच सांगितलं होतं. पुढचं मी जोडलं. म्हटलं, शेजारी कोणीतरी पाहिजे, मागचा धूर बघायला, मला चालवताना दिसत नाही.  रविवारी सकाळी दाढीच्या साबणाचा वास आला.

आम्ही पिरंगुटच्या घाटात गेलो. चांदणी चौक तिसऱ्यावर चढली, तुला कळवते. घाटात मी पाय टेकेपर्यंत दाबला आणि गाडीने पाठीला जो धक्का दिला तो मी इतक्या वर्षांत विसरूनच गेले होते. बाबा अर्धे वळून मागच्या काचेतून बघत होते आणि मला निकाल सांगत होते. "काळा. काळा. करडा. अजून करडा. आता नाही." वर टपरीवर थांबलो, त्यांनी वडापाव खाल्ला, मिरचीसकट. नंतर सगळे रविवार तसेच. गाडी आरटीओत पास झाली. तिथला माणूस म्हणाला, इंजिनाचा आवाज चांगला आहे, आणि बाबांनी त्याला सांगितलं की आमच्या मिसेसची गाडी आहे. आहे म्हणाले, होती नाही.

आता ते दुसरं. पहिल्याच रविवारी, पिरंगुटहून परत आल्यावर, मी पार्किंगमध्ये गाडी लावली आणि तू शिकवलंस तसं इंजिन चालू ठेवून बसले. बाबा उतरतील असं वाटलं होतं. गाडी लागली की आधी उतरायची त्यांची सवय, आपण दोघी मागून. ते उतरले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तू आणि ती यायचात ना, तेव्हा मी वर खिडकीत असायचो. गाडी आली की चहा टाकायचो. तुम्ही बसलेल्या असायचात. मला वाटायचं, खाली जाऊन मागे बसावं. पण कसं दिसलं असतं." मग ते म्हणाले, "एकदा फार वेळ लागला होता. दसऱ्याच्या आधी. मी चहा दोनदा गरम केला. काय झालं होतं त्या दिवशी?"

आई, तुला तो दिवस सांगायची गरज नाही. तू डॉक्टरांकडे एकटी जाऊन आली होतीस. तपासणीसाठी काढलेला तुकडा तू माझ्या लॅबमध्ये दिला नव्हतास. "तुझी सही नको होती त्यावर," म्हणालीस. रिपोर्ट माझ्या मांडीवर होता आणि मला तो वाचता येत होता, तेच वाईट. मी किती वेळ काय बडबडले माहीत नाही. तू इंजिन बंद करत नव्हतीस. शेवटी म्हणालीस, "बाबांना इतक्यात नको सांगू. त्यांना गणित येते. ते दिवस मोजत बसतील." मग तू आम्हाला गाडीने नागपूरला नेलंस, दीक्षाभूमीला, जाऊन-येऊन सगळा रस्ता स्वतः चालवलास, बाबा मैलाचे दगड मोठ्याने वाचत होते आणि बुलढाण्याच्या पुढे गाणंसुद्धा म्हणाले. परत आल्यावर तू त्यांना सांगितलंस. तेवढा एक दसरा तू त्यांना न मोजता दिलास. मला ते बरोबर वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण त्यांना सगळ्यात शेवटी कळलं, आणि त्या दोन मिनिटांत तू त्यांचं नाव काढलेलं मला दोनदाच आठवतं, दोन्ही वेळा त्यांना काय सांगायचं एवढ्यापुरतं.

इंजिन चालू होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी ना? मी तिला सांगितलं, सासरी परत जाणार नाही. खूप रडले. म्हणून वेळ लागला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.  मग त्यांनी मान हलवली.

"हो," म्हणाले, "आठवलं. त्या दिवशी आमरस केला होता मी." आणि जरा थांबून, "कर बंद आता. निवला असेल."

या वेळी ते पायऱ्या बदलू नकोस म्हणाले नाहीत.

हे लिहून झाल्यावर गाडीच्या कप्प्यात, तुझ्या मॅन्युअलखाली ठेवावं असा विचार होता. पण बाबांचं गाडी पुसायचं फडकं त्याच कप्प्यात असतं, आणि सकाळी ते परत खाली जायला लागले आहेत, नुसते पुसायला. त्यामुळे तिथे ठेवत नाही, कुठेच ठेवत नाही. तुझ्यासाठी खोटं बोलले असं मी तुला सांगणार होते. पण ते धड बोलताही आलं नाही मला, आई. दसऱ्याला कुठे आंबे असतात.